तांड्यातला खर्रा सुटतोय

याडी, माझे आई, आज सकाळी कापूस वेचायला निघालेल्या गाडीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पुड्या नव्हत्या. गाडी तुझ्या धाकट्याची, आणि आत बसलेल्यांपैकी निम्म्या बाया तुझ्या ओळखीच्या. तुझ्याबरोबर वेचायला जायच्या त्या, आता सुनांना घेऊन जातात. गाडी तांड्याच्या वळणावरून खाली उतरली तेव्हा मी तिथं उभी होते. कोणी माझ्याकडे बघून हसलं, कोणी तोंड वाकडं केलं, एक तर ओरडूनच म्हणाली, "बाई, आज डोकं दुखलं त तुह्याच दारात येऊन बसतो मी!" मी म्हटलं, ये. मग दिवसभर दवाखान्यात काम करताना वाटत राहिलं, हे याडीला सांगायला पाहिजे. बाकी कोणाला यात एवढं काय आहे ते कळायचं नाही.

तू गेलीस तेव्हा मी नर्सिंगच्या वसतिगृहात होते, त्यामुळे पुढचं तुला काही माहीत नाही. मी आता आपल्याच तालुक्यात सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. सकाळी इंजेक्शनं, मलमपट्टी, बाळांची वजनं. दुपारी एका लहानशा खोलीत लोकांची तोंडं बघायची. गालाच्या आत पांढरा चट्टा आहे का, जिभेखाली गाठ आहे का, तोंड पूर्ण उघडतं का. तोंड उघडा म्हटलं की बाया पदर पुढे घेतात, पुरुष भिंतीकडे बघतात. ज्यांना तंबाखू सोडायची आहे त्यांच्याशी बोलणं हे माझं काम आहे. ज्यांना सोडायची नाही त्यांच्याशी बोलायला मला कोणी सांगितलेलं नाही, ते मी माझ्या मनानं करते.

त्या खोलीत बसले की कधी कधी समोरची बाई दिसेनाशी होते आणि आपली चूल दिसायला लागते. तू भाकरी थापते आहेस. ज्वारीच्या पिठाचा डबा तू तिरपा करून, तळ खरवडून घेतेस. पहिली भाकर बाची, मग माझी, मग धाकट्याची, आणि शेवटची फडक्यात बांधून वावरात न्यायची, ती दुपार कलल्यावर तू खाणार. चुलीजवळ बसल्या बसल्याच तू तळहातावर तंबाखू घेतेस, बोटानं चुना लावतेस, अंगठ्यानं चोळतेस, हलकी फुंकर मारतेस आणि चिमूट ओठात धरून उठतेस. मी म्हणते, "याडी, तू खाल्लं नाही." तू कुलूप शोधत म्हणतेस, "झालं माह्यं." इतकी वर्षं मी हेच समजत होते की तुझं खरंच झालं आहे, आम्ही उठण्याआधी तू काहीतरी खाऊन घेतेस.

मग ती दिवाळीच्या सुट्टीतली सकाळ. मी सातवीत आहे आणि तुझ्याबरोबर ढाणकीच्या बाजूला एका मोठ्या वावरात वेचायला आले आहे. वेचणीची मजुरी वजनावर, म्हणून कोणी मान वर करत नाही. ऊन चढतं. माझं पोट ओरडायला लागतं आणि भाकरीची फडकी तर लांब बांधावर, बाभळीखाली. तू ओळीत पुढं गेली आहेस आणि तुझा बटवा माझ्याजवळच्या गाठोड्यावर राहिला आहे. मी तुझ्यासारखीच चिमूट घेते, तुझ्यासारखीच चोळते, ओठात धरते. थोड्याच वेळात सगळं वावर माझ्याभोवती फिरायला लागतं. मी ओकले, तू धावत आलीस, पाणी पाजलंस, तोंड धुतलंस, आणि सगळं निस्तरून झाल्यावर कानाखाली एक वाजवलीस. तुझ्या हातचा मार मी तेवढाच खाल्ला.

"पुन्हा हात लावला त हात तोडून ठेवीन!"

"मग तू काहून खातं?" मी रडत विचारलं.

शेजारच्या ओळीतली काकी खुदकन हसली. तीच ती काकी, जिचं घर आपल्या घराला लागून आणि जिच्याशी तुझं रोज भांडण व्हायचं, रोज मिटायचं. तू मात्र हसली नाहीस. "मले दिवस बुडेपर्यंत वेचायचं हाय म्हणून खातो मी," तू म्हणालीस. "तुले शिकायचं हाय. जाय, भाकर खाऊन घे." ती तुझ्या वाटची भाकर होती. मी सगळी खाल्ली. तू ओळीत परत गेलीस आणि बटवा उघडलास.

पुढं तुझं तिखट सुटलं. दाढ दुखते असं तू म्हणायचीस आणि दुखत्या जागेवरच तंबाखू ठेवायचीस, कारण तेवढ्यापुरती ती जागा बधिर व्हायची. मी वसतिगृहातून सुट्टीला आले तेव्हा तू भाकर चहात बुडवून, भिंतीकडे तोंड करून खात होतीस. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी तुझं तोंड पाहिलं आणि मला एकटीला बाहेर बोलावलं. त्यानंतरचे महिने मी इथं लिहीत नाही, ते तू सोसलेस. होळीला लेंगीची गाणी म्हणायची वेळ आली की सगळा तांडा तुझ्या आवाजाची वाट बघायचा. शेवटच्या होळीला तू दारात बसलीस, पदर तोंडावर धरून, आणि गुडघ्यावर नुसता ताल दिलास.

नोकरी लागल्यावर बरीच वर्षं मी लांब होते. मग मागून मागून इकडे बदली घेतली, आणि आल्या आल्या आपल्या तांड्यावर गेले. तांड्याच्या नायकाच्या अंगणात बाया जमवल्या, भिंतीला पोस्टर लावलं. तसली पोस्टरं तू पाहिली नाहीस. सडलेले गाल, फाटलेले ओठ, माणसाचं तोंड आहे हे ओळखू येऊ नये असे फोटो. मी काठीनं एकेक दाखवत होते. तरुण सुना खाली बघू लागल्या. काकी उठली, पुढं आली आणि माझ्या हातातली काठी खाली करून म्हणाली, "हे गुंडाळून ठेव."

"काकी, बघा तरी."

"कायले बघू? तुह्या याडीचं तोंड रोज मी धुवत होतो. तू नव्हती इथं. आमाले मालूम नाही असं वाटते काय तुले?"

"मालूम हाय त मग काहून खातं?"

"मालूम हाय अन् खातो. जाय आता." असं म्हणून तिनं माझ्यासमोर बटवा काढला आणि चोळायला घेतली. एकेक करून सगळ्या उठून गेल्या. मी पोस्टर गुंडाळलं आणि रागातच घरी आले. या बायांसाठी काही करण्यात अर्थ नाही, असं मनातल्या मनात चार-पाच दिवस घोळवत राहिले. मग माझ्या लक्षात आलं की काकीला मी जे विचारलं तेच सातवीत तुला विचारलं होतं, आणि तू त्याचं उत्तर दिलं होतंस. मी ते उत्तर ऐकलंच नव्हतं. मला फक्त कानाखालची लक्षात राहिली होती.

पुढच्या रविवारी मी जुनी साडी नेसले, वरून पूर्ण बाह्यांचा सदरा घातला आणि तुझ्या धाकट्याच्या गाडीत बायांबरोबर जाऊन बसले. तो आता मुकादम आहे. तांड्यातल्या बाया गोळा करून उमरखेड, महागावकडच्या वावरांत पोचवतो, संध्याकाळी परत आणतो. मला पाहून म्हणाला, "बाई, तू कायले येऊन राह्यली? बोटं सोलतीन." मग त्यानं डॅशबोर्डवरची पिशवी उघडली आणि प्रत्येकीच्या हातात एकेक पुडी ठेवली. सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटून तयार केलेला खर्रा. त्याच्या गाडीत बसणाऱ्या बाईला तो फुकट. दुसरे मुकादमही देतात, म्हणून त्यालाही द्यावा लागतो. परवा लग्न होऊन आलेल्या पोरीलाही मिळाला. तिनं तो हातात धरून इकडंतिकडं पाहिलं आणि सासूकडे दिला.

बोटं सोलली, ते त्याचं खरं झालं. वेचायची सवय गेली होती. सुकलेल्या बोंडाची टोकं नखांच्या कडेला शिरत होती. पण त्याहून जास्त भूक लागली. मी निघताना पोहे खाऊन आले होते तरी लागली. शेजारच्या ओळीत काकी होती, ती त्या दिवसापासून माझ्याशी बोलत नव्हती. मीच विचारलं, "काकी, सकाळी काय खाल्लं?"

"चहा. काळा."

"अन् ते झाल्यावर?"

तिनं कमरेच्या बटव्यावर थाप मारली. आजूबाजूला पाहिलं तर बहुतेकींचं तेच होतं. नवऱ्याचं, पोरांचं करून होईपर्यंत गाडी दारात उभी राहते. एकदा ओळीत शिरलं की जेवायचं म्हणजे बांधापर्यंत जायचं, हात धुवायचे, बसायचं, परत यायचं, आणि तेवढा कापूस कमी भरणार. ओठातल्या चिमटीला हात थांबवावा लागत नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा माझी अशी अवस्था झाली होती की त्या वेळी कोणी माझ्यापुढं चिमूट धरली असती तर मी घेतली असती. बांधावरच्या बाभळीखाली बसून मी माझा डबा उघडला. चुलीपुढचं तुझं "झालं माह्यं" मला त्या बाभळीखाली कळलं, याडी.

तिथंच मी धाकट्याला जेवताना पाहिलं. भाकरीचा अगदी बोटाच्या पेराएवढा तुकडा तोडायचा, वरणात भिजवायचा, आणि ओठांच्या फटीतून आत सरकवायचा. मिरची त्यानं बाजूला काढून ठेवली होती. लहानपणी हिरव्या मिरचीवाचून ज्याचा घास उतरायचा नाही, त्यानं. मी जवळ जाऊन म्हटलं, "तोंड उघड."

"काहून?"

"उघड म्हणतो ना मी."

"हा तुहा दवाखाना नाही, बाई." तो उठला आणि गाडीत जाऊन बसला. मी मागोमाग गेले, दुसऱ्या बाजूनं आत शिरले आणि दार लावून घेतलं. म्हटलं, मी पाहत नाही, तू स्वतःच बघ. तीन बोटं एकावर एक उभी धर आणि दातांमध्ये घाल. सगळ्यांची जातात. त्यानं आधी मला घालून दाखवायला लावलं. मग त्यानं घातली. दोन गेली. तिसऱ्यासाठी त्यानं जोर लावला, डोळ्यांत पाणी आलं, पण गेलं नाही.

त्यानं आरसा स्वतःकडे वळवला. मग म्हणाला, "याडीलेही असंच झालतं काय? सुरुवातीले?"

तोवर मी कोणाही परक्या माणसाला तुझं उदाहरण दिलं नव्हतं. वरचे साहेब एकदा म्हणाले होते, सिस्टर, तुमच्या घरची गोष्ट सांगा, लोकांवर परिणाम होईल. मी नाही म्हटलं. तुला भिंतीवर लावायचं नव्हतं मला. पण हा तुझा मुलगा. तू गेलीस तेव्हा तो इतका लहान होता की त्याच्याजवळ तुझा पदराआडचा चेहराच तेवढा आहे. मी त्याला सगळं सांगितलं. तिखट सुटलं तिथपासून होळीपर्यंत. तो स्टिअरिंगवर डोकं टेकून ऐकत होता.

शेवटी म्हणाला, "माहा मी सोडतो. पण गाडीतला बंद केला त बाया दुसऱ्याच्या गाडीत जाऊन बसतीन. मंग आमी खावावं काय?"

या प्रश्नाला माझ्याजवळ पोस्टर नव्हतं. म्हणून मी काकीकडे गेले. भांडायला नाही, तिच्या ओसरीवर जाऊन बसले आणि म्हटलं, काकी, हात न थांबवता खाता येईल असं काय आहे? ती आत गेली, मूठभर फुटाणे आणले, माझ्या पदरात टाकले आणि म्हणाली, "खाऊन पाय." हरभरा तर तांड्यात घरोघर पिकतो. बचत गटाच्या बायांनी मोठ्या कढईत वाळू तापवून तो भाजला, गूळ आणि शेंगदाणे मिसळले, आणि धाकट्याच्या गाडीत पुड्या ठेवल्या. आधी खर्र्याच्या पुडीबरोबर, कारण नुसते फुटाणे दिले असते तर त्याची गाडी रिकामीच गेली असती. पदराला गाठ मारून, चालता चालता तोंडात टाकायचे. पहिल्या आठवड्यात एक म्हातारी म्हणाली, मले दातच नाहीत, मी काय चावू? तिच्यासाठी लाडू आले.

गाडी थोडी उशिरा काढायची, म्हणजे बायांना काहीतरी खाऊन निघता येईल, हे त्यानंतरचं. त्यावर एक शेतमालक धाकट्यावर भडकला, उद्यापासून दुसरी गाडी सांगतो म्हणाला. मी बोलणार तेवढ्यात काकी पुढं झाली. "मालक, वेचणी किलोवर हाय ना? उशीर झाला त आमचंच जाईन. तुमचं काय जाते?" त्यानं दुसरी गाडी सांगितलीच. पण पलीकडच्या वावरवाल्यानं ते ऐकलं होतं, त्यानं आमच्या बायांना बोलावलं, आणि त्याची बायको आता सकाळी बांधावर दुधाचा चहा पाठवते.

सोपं नव्हतं. तंबाखू सोडली की डोकं दुखतं, हात थरथरतात, माणूस पोरांवर खेकसतं. आणि सगळ्यांत मोठी तक्रार कुजबुजत माझ्या कानात यायची: सकाळी पोट साफ होत नाही. मी कोमट पाणी प्यायला सांगितलं, पालेभाजी सांगितली, आणि बांधावर उभी राहून बायांना हेच समजावताना हसू दाबत राहिले. दुखऱ्या दातांसाठी तंबाखू धरणाऱ्या बायाही बऱ्याच निघाल्या. त्यांना फुटाण्यांचा काय उपयोग? दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरांच्या मागे लागून मी त्यांना तांड्यावर आणलं. नायकाच्या अंगणात खुर्ची मांडून त्यांनी किडलेले दात काढले. त्याच अंगणात, जिथं माझं पोस्टर कोणी पाहिलं नव्हतं.

धाकट्याला मी यवतमाळला नेलं. तुझ्यासारखं नाही, याडी. अजून नाही. गालाच्या आतलं मांस सुपारी-तंबाखूनं कडक झालंय, ते पूर्ण सुटायचं नाही, पण पुढं वाईटाकडे जाऊ नये म्हणून आता काहीही तोंडात धरायचं नाही आणि दर काही महिन्यांनी दाखवायचं. तोंड उघडायचा व्यायाम दिलाय. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक ठेवून दातांत धरायच्या, हळूहळू वाढवायच्या. तो त्या गाडीतच ठेवतो. एका लग्नात मित्रांबरोबर बसून त्यानं पुन्हा खर्रा खाल्ला. दुसऱ्या दिवशी माझ्या दारात येऊन उभा राहिला. मी त्याच्या हातात काड्या दिल्या. परवा त्यानं एक काडी वाढवली आणि मला फोन करून सांगितलं, आणि मला त्याच्या आवाजात तू हसल्यासारखी वाटलीस.

मागणाऱ्या बाया कमी होत गेल्या तशा धाकट्यानं गाडीतल्या खर्र्याच्या पुड्या कमी केल्या, आणि आज एकही ठेवली नाही. सगळ्यांनी सोडली असं मी म्हणणार नाही. काहींच्या कमरेला बटवा अजून आहे, गाडीत नसला म्हणून काय झालं. काहींनी सोडली, आणि घरात मयत झाल्यावर परत धरली. काकीनं सोडली. मला न सांगता सोडली, आणि मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तुह्या पोस्टरानं नाही सोडली, समजलं?" मी म्हटलं, समजलं. आणि ती नवीन सून, पुडी सासूला देणारी, तिनं अजून एकदाही धरलेली नाही. मला सगळ्यांत जास्त समाधान तिचं वाटतं. पुढच्या तांड्यावरच्या मुकादमाला मी निरोप पाठवलाय. तो आला नाही तर मीच जाईन. तो हाकलून देईल कदाचित. मग परत जाईन. दाढ दुखते म्हणत कोणतीही बाई माझ्या खोलीसमोरून नुसती निघून जाऊ नये, एवढं मी ठरवलंय, आणि ठरवलेलं सोडायचं नाही हे तुझंच आहे माझ्यात.

हे पत्र कुठं टाकणार मी? तू असतीस तरी तुला वाचता येत नव्हतं. मीच बसून वाचून दाखवलं असतं, आणि तू मध्येच म्हणाली असतीस, पुरे झालं, भाजी करपून राह्यली. घडी घालून कपाटात ठेवते. फक्त एक गोष्ट जी मी दवाखान्यात, तांड्यावर, कोणालाच सांगितलेली नाही ती इथं लिहून ठेवते. एसटीत शेजारच्या सीटवर कोणी चुना लावून तंबाखू चोळायला लागलं की मी काहीतरी बोलायला पाहिजे, निदान उठून दुसरीकडे बसायला तरी पाहिजे. मी बोलते, याडी. पण लगेच नाही. आधी एक श्वास घेते, तुझ्या हातांना यायचा त्याच वासाचा.